मोठ्या शहरात फोटो काढायला जाताना काय न्यावं, काय घरी ठेवावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुन:पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आणि अडचणीचे नंतर अशी मांडणी आहे. वेगळं सांगितलं नसेल तर फोकल लांबीचे आकडे (लेन्सवरचे मिमी; लहान आकडा म्हणजे रुंद दृश्य, मोठा म्हणजे लांबचं जवळ) फुलफ्रेमच्या, म्हणजे ३६ × २४ मिमीच्या मोठ्या सेन्सरच्या, हिशेबात दिलेत. तुमचा कॅमेरा छोट्या सेन्सरचा असेल तर आधी प्रश्न ३ वाचा.

१. शहरात फोटो काढायला जायचंय. आधी कॅमेरा ठरवू की लेन्स?

आधी विषय ठरवा. रस्त्यावरची माणसं, इमारती, रात्रीचे दिवे आणि उंचावरून दिसणारं शहर या चार कामांना चार वेगळी साधनं लागतात. माणसांसाठी छोटी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि २८ किंवा ३५ मिमी. इमारतींसाठी १६ ते २४ मिमी. उंचावरून टिपायला ७०-२००. रात्रीसाठी एफ/१.८ ची प्राइम (झूम न होणारी, एकाच फोकल लांबीची लेन्स; एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त) किंवा ट्रायपॉड. चारही गोष्टी हव्यात असं म्हणाल तर पाच-सहा किलोंची बॅग होते, आणि एवढं वजन घेऊन दिवसभर चालताना दुपारनंतर कॅमेरा बॅगेतून बाहेरच निघत नाही. म्हणून दोन विषय निवडा. आमचा सरधोपट नियम असा: खांद्यावर एका वेळी एक बॉडी आणि दोन लेन्स. तिसरी लेन्स न्यायचीच असेल तर ती खोलीवर ठेवावी आणि संध्याकाळी बाहेर पडताना अदलाबदल करावी.

२. माझ्याकडे जुना कॅमेरा आणि १८-५५ ची किट लेन्स आहे. सहलीआधी नवीन घ्यावा का?

दिवसाउजेडी शहरात किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर मिळालेली) भरपूर पुरते. एफ/८ ला ती चांगली धारदार असते आणि छोट्या सेन्सरवर १८-५५ म्हणजे फुलफ्रेमच्या हिशेबात साधारण २७-८२ मिमीचा पल्ला, म्हणजे शहरातलं निम्म्याहून जास्त काम त्यातच होतं. तिची अडचण अंधार पडल्यावर सुरू होते, कारण ५५ ला अपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. खर्च करायचाच असेल तर बॉडीऐवजी एफ/१.८ किंवा एफ/२ ची एक छोटी प्राइम घ्या.

नवीन बॉडी घेतलीच तर निघण्याच्या किमान दोन-तीन आठवडे आधी घ्या. शटर (उजेड किती वेळ आत येतो), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) आणि फोकस पॉइंट न बघता बदलता येईपर्यंत कॅमेरा हातात बसलेला नसतो.

३. फुलफ्रेम, एपीएस-सी की मायक्रो फोर थर्ड्स? आणि हे १.५ ने गुणणं म्हणजे काय?

ही सेन्सरची तीन मापं आहेत: फुलफ्रेम सर्वांत मोठं, मायक्रो फोर थर्ड्स सर्वांत छोटं. छोट्या सेन्सरमध्ये लेन्सच्या चित्राचा मधला भाग तेवढा वापरला जातो, त्यामुळे दृश्य अरुंद दिसतं. एपीएस-सी वर लेन्सचा आकडा १.५ ने गुणा (एका मोठ्या कंपनीच्या कॅमेऱ्यांना १.६ ने), मायक्रो फोर थर्ड्सवर २ ने. म्हणजे फुलफ्रेमवरची ३५ मिमी हवी असेल तर एपीएस-सी वर २३ किंवा २४ मिमी आणि मायक्रो फोर थर्ड्सवर १७ मिमी शोधा.

कमी उजेडात तेच अपर्चर आणि तोच शटर ठेवला तर फुलफ्रेमला एपीएस-सी पेक्षा साधारण एक स्टॉपपेक्षा थोडा जास्त आणि मायक्रो फोर थर्ड्सपेक्षा दोन स्टॉपचा फायदा मिळतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). उलट फोकसची खोली, म्हणजे जवळून लांबपर्यंत किती भाग धारदार येतो ती, छोट्या सेन्सरवर जास्त मिळते, आणि रस्त्यावर ती हवीच असते. लेन्सचं वजन हा खरा फरक. चालणं जास्त आणि रात्रीचं काम कमी असेल तर एपीएस-सी घेऊन कोणीही पस्तावत नाही.

४. फोननेच भागेल का?

स्थिर दृश्य, भरपूर उजेड आणि फोटो पडद्यावरच पाहायचे असतील तर भागेल. फोनची मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ मिमीची असते. रात्री फोन अनेक फ्रेम एकत्र करून स्वच्छ चित्र देतो, पण त्याच वेळी चालणारी माणसं पुसट किंवा तुटक येतात. लांबची खिडकी, धावणारी गाडी आणि मोठा प्रिंट या तीन ठिकाणी फोन मागे पडतो. कॅमेरा नेत असाल तरी फोनचा उपयोग आहेच: जागेची आधी पाहणी करायची, कोन टिपून ठेवायचा, आणि संध्याकाळी कॅमेरा घेऊन परत यायचं.

५. एकच लेन्स न्यायची असेल तर कोणती?

शहर पहिल्यांदाच बघत असाल तर २४-१०५ एफ/४ किंवा त्या पल्ल्याची झूम. वजन सहाशे-सातशे ग्रॅम, आणि लेन्स बदलायची गरज जवळपास संपते, म्हणजे सेन्सरवर धूळही कमी बसते. २४-७० एफ/२.८ बद्दल खूप विचारणा होते. तिचा एक स्टॉप जास्तीचा उजेड रात्री उपयोगी खरा, पण एफ/१.८ ची प्राइम त्याहून सव्वा स्टॉप पुढे जाते आणि वजनाला तिच्या निम्म्याहून कमी भरते. म्हणून एफ/४ ची झूम आणि एक छोटी प्राइम ही जोडी आम्हाला जास्त शहाणपणाची वाटते.

मुख्य विषय रस्त्यावरची माणसं असतील तर झूम विसरा आणि ३५ मिमी घ्या. गल्ल्या अरुंद असतील तर २८. फोटोची चौकट डोळ्यांत बसली की कॅमेरा उचलण्याआधीच कुठे उभं राहायचं ते कळतं, आणि हे एकाच फोकल लांबीवर लवकर जमतं.

६. वाइड लेन्स किती वाइड हवी? १४, १६ की २४ पुरे?

बाहेरच्या दृश्यांना बहुतेक वेळा २४ पुरते. १६ लागते ती अरुंद चौकात, जिन्यांच्या विहिरीत, मोठ्या स्थानकांच्या किंवा ग्रंथालयांच्या आतल्या भागात. १४ च्या खाली गेलात की फ्रेमच्या कडेला उभी असलेली माणसं ताणली जातात. चेहरे रुंद होतात आणि ते दुरुस्त केले तर इमारतींच्या रेषा वाकतात.

वाइड नसेल तर फ्रेम जोडून पॅनोरमा करा. कॅमेरा उभा धरा, एक्स्पोजर (चित्राचा एकूण उजळपणा), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटेचं सेटिंग) मॅन्युअलवर अडकवा, आणि प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमवर साधारण ३० टक्के चढू द्या. जवळ रेलिंग किंवा खांब असेल तर जोड चुकतो, कारण कॅमेरा फिरवताना जवळची वस्तू मागच्या दृश्याच्या तुलनेत सरकते. अशा जागी रेलिंग फ्रेमबाहेर ठेवा.

७. इमारती मागे पडल्यासारख्या येतात. यासाठी वेगळी लेन्स लागते का?

हा दोष लेन्सचा नाही. कॅमेरा वर वळवला की सेन्सर इमारतीला समांतर राहत नाही आणि उभ्या रेषा वर जवळ येतात. कॅमेरा सरळ ठेवला तर रेषाही सरळ येतात, फक्त मागे जायला जागा लागते. उभ्या धरलेल्या कॅमेऱ्यावर २४ मिमी असेल तर ६० मीटर उंचीची इमारत पूर्ण मावायला सुमारे ८० मीटर मागे जावं लागतं. १६ मिमीला साधारण ५२ मीटर. दाट वस्तीत एवढी जागा क्वचित मिळते.

उपाय तीन. समोरच्या इमारतीचा दुसरा-तिसरा मजला किंवा पादचारी पूल गाठा, कारण विषयाच्या अर्ध्या उंचीवर गेलात की कॅमेरा वळवावाच लागत नाही. दुसरा उपाय म्हणजे थोडं वाइड घेऊन नंतर संगणकावर रेषा सरळ करणं. त्यात कडा कापल्या जातात, म्हणून चहूबाजूंनी १५-२० टक्के मोकळी जागा सोडा. तिसरा उपाय शिफ्ट लेन्सचा, म्हणजे कॅमेरा सरळ ठेवून जिची काच वर-खाली सरकवता येते अशा लेन्सचा. ती उत्तमच, पण जड, महाग आणि बहुधा मॅन्युअल फोकसची. वास्तुरचना हाच तुमचा व्यवसाय असेल तरच न्या.

आणि फारच वर बघून काढलेला फोटो असेल तर सरळ करायच्या भानगडीत पडू नका. पूर्ण सरळ केलेला मनोरा वर जाड होत गेल्यासारखा दिसतो.

८. शहरात टेलिफोटो कशाला? ७०-२०० न्यावी का?

उंचावरून शहर टिपणार असाल तर जरूर. गच्चीवरून किंवा टेकडीवरून वाइडने काढलेला फोटो बहुधा भरकटतो. ८५ ते २०० मध्ये छपरांच्या रांगा, वळणारा रस्ता, दोन मनोऱ्यांमधली फट असे नेमके तुकडे मिळतात. रस्त्यावर मात्र ७०-२०० एफ/२.८ म्हणजे एक ते दीड किलोचं ओझं, आणि समोरच्या माणसाला लांबूनच कळतं. एफ/४ ची आवृत्ती घ्या किंवा ८५ एफ/१.८ वर भागवा.

लांबच्या इमारती दुपारी लिबलिबीत दिसत असतील तर लेन्स तपासायला नेऊ नका. तापलेल्या छपरांवरून आणि डांबरावरून उठणारी हवा प्रकाश वाकवते. सकाळी लवकर किंवा पावसानंतर तीच लेन्स लखलखीत फोटो देते.

९. रात्री हातात धरून फोटो काढायचे तर सेटिंग काय ठेवू?

माणसं असतील तर शटर १/१२५, अपर्चर एफ/२ किंवा त्याच्या आसपास, आयएसओ ऑटो आणि वरची मर्यादा ६४००. दुकानांच्या उजेडात आयएसओ ८०० ते १६०० वर काम होतं, साध्या रस्त्यावरच्या दिव्याखाली ३२०० ते ६४००. दिव्यांच्या पाट्या जळून पांढऱ्या होत असतील तर एक्स्पोजर १ स्टॉप खाली आणा. रॉमध्ये (सेन्सरची प्रक्रिया न केलेली फाइल) सावल्या नंतर उचलता येतात. जळालेली पाटी परत येत नाही.

बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनमुळे ३५ मिमीवर १/८ सेकंदालाही इमारत धारदार मिळते. पण ते फक्त तुमच्या हाताचं हलणं थांबवतं, समोरच्या माणसाचं नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की ‘स्टॅबिलायझेशन असूनही माणसं हललेली’ ही तक्रार जवळजवळ रोज येते.

फ्लॅश घरी ठेवा. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश तीन-चार मीटरपलीकडे पोचत नाही, इमारत तर दूरच.

१०. ट्रायपॉड न्यावा का? कोणता?

सूर्यास्तानंतरचा निळा प्रकाश, गाड्यांच्या दिव्यांच्या रेषा, पाण्यातलं शहराचं प्रतिबिंब, यांपैकी काही यादीत असेल तर न्या. नसेल तर नेऊ नका. रोज सव्वा किलो वाहून एकदाही न उघडलेला ट्रायपॉड हे फार नेहमीचं दृश्य आहे.

प्रवासाला एक ते दीड किलोचा, दुमडल्यावर ४०-४५ सेंटीमीटरचा पुरे. मधला दांडा न उचलता तो किमान छातीपर्यंत यावा, कारण दांडा वर काढला की थरथर वाढते. पायांचा शेवटचा, सर्वांत बारीक भाग शेवटी उघडा. खाली पिशवी अडकवण्याचा हूक असेल तर पिशवी जमिनीला टेकेल अशी लावा. लोंबकळती पिशवी वाऱ्याने झुलते आणि कॅमेराही झुलवते.

निळ्या प्रकाशाची वेळ सूर्य मावळल्यानंतर साधारण २० व्या ते ४० व्या मिनिटापर्यंतची. विषुववृत्ताजवळ ती लवकर येते आणि लवकर संपते. अर्धा तास आधी जागा धरा. आयएसओ १००, एफ/८, दोन सेकंदांचा सेल्फ-टायमर. सुरुवातीला शटर ४ सेकंदांच्या आसपास येईल आणि अंधारेल तसं १५ पर्यंत जाईल. फोकस एकदा उजळ खिडकीवर घेऊन मॅन्युअलवर टाका. दिव्यांभोवती तारे हवे असतील तर एफ/११ ते एफ/१६. अपर्चरची पाती सम असतील तर तेवढेच किरण, विषम असतील तर दुप्पट. म्हणजे ९ पात्यांना १८.

उंच इमारतींवरच्या प्रेक्षक-गच्च्या, संग्रहालयं आणि स्थानकं यांत ट्रायपॉडला बऱ्याच ठिकाणी बंदी असते आणि दारावर तो ठेवून घ्यायची सोय असेलच असं नाही. तिकीट काढण्याआधी त्या जागेचे नियम पाहा. पर्याय म्हणून हाताएवढा छोटा ट्रायपॉड किंवा कठड्यावर ठेवायची छोटी वाळूची पिशवी बाळगा. पिशवी रिकामी न्यायची आणि तिथे पोचल्यावर भरायची. कठड्यावर काहीही ठेवलं तरी कॅमेऱ्याचा पट्टा मनगटात अडकवलेला हवा.

११. ट्रायपॉड असूनही पुलावरचे फोटो हललेले येतात. का?

पूल स्वतः हलतो. जड वाहन किंवा रेल्वे गेली की कंप काही सेकंद टिकतो. वाहनांच्या दोन लाटांच्या मध्ये शटर दाबा आणि एका ३० सेकंदांच्या फ्रेमऐवजी ४-४ सेकंदांच्या सात-आठ काढा. हललेल्या टाकून उरलेल्या एकत्र केल्या की दिव्यांच्या रेषाही मिळतात. पुलाच्या मधोमध उभं राहण्यापेक्षा खांबाजवळ उभं राहा. तिथे हालचाल सर्वांत कमी असते. काही जुन्या लेन्समध्ये ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन चालू राहिलं तर तेच चित्र हलवतं, म्हणून ते बंद करा.

१२. काचेमागून फोटो काढताना स्वतःचंच प्रतिबिंब येतं. पोलरायझर लावू का?

समोरासमोरच्या काचेवर पोलरायझर (चमक आणि प्रतिबिंब कमी करणारा फिल्टर) जवळपास निरुपयोगी. तो प्रतिबिंब मारतो ते काचेच्या पृष्ठभागाशी साधारण ३५ अंशांच्या तिरप्या कोनातून पाहिलं तर. वर तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो, आणि रात्री हे परवडत नाही.

रबरी मऊ हूड (लेन्सच्या तोंडाशी बसणारी कड) घ्या आणि काचेला पूर्ण टेकवा. हूड नसेल तर काळं जाकीट लेन्सभोवती गुंडाळा. लेन्सवरचा फिल्टर काढा, कारण दिव्यांची भुतं बऱ्याचदा फिल्टर आणि लेन्सच्या मध्येच तयार होतात. काच पुसायला मायक्रोफायबर जवळ ठेवा. आतली बाजू तरी स्वच्छ होते. तिरकं बघून काढू नका, जाड दुहेरी काच तिरप्या कोनात चित्र दुहेरी करते. हिरवट छटा आली तर रॉमध्ये व्हाइट बॅलन्सने जाते.

१३. मग फिल्टर कोणते न्यायचे?

दिवसा ओल्या रस्त्यांची आणि गाड्यांच्या काचांची चमक कमी करायला एक पोलरायझर. २४ मिमीपेक्षा वाइडवर लावलात तर निळ्या आकाशात एक गडद पट्टा उमटतो. विमानाच्या खिडकीतून तर तो अजिबात लावू नका. प्लास्टिकमध्ये इंद्रधनुषी डाग दिसतात.

एनडी फिल्टर, म्हणजे फक्त उजेड कमी करणारी गडद काच, दिवसा गर्दी विरघळवायला. १० स्टॉपचा फिल्टर प्रकाश सुमारे हजारपट कमी करतो: १/६० सेकंदाचे साधारण १७ सेकंद होतात. चालणारी माणसं एवढ्यात नाहीशी होतात, बाकावर बसलेली राहतात. एनडी म्हणजे ट्रायपॉड आलाच, तेव्हा तो नसेल तर हाही नको.

सगळे फिल्टर सर्वांत मोठ्या लेन्सच्या मापाचे घ्या आणि बाकीच्या लेन्सना स्टेप-अप रिंग (मोठा फिल्टर छोट्या लेन्सवर बसवणारी कडी) लावा.

१४. एलईडी पाट्या फोटोत अर्ध्या काळ्या किंवा पट्ट्यापट्ट्यांच्या येतात. कॅमेरा बिघडला का?

नाही. एलईडी पाट्या सलग पेटलेल्या नसतात. त्या अतिशय वेगाने लुकलुकतात आणि ओळीओळीने रंगतात. शटर त्याहून वेगवान झालं की अपुरं चित्र पकडलं जातं. आधी इलेक्ट्रॉनिक किंवा ‘सायलेंट’ शटर बंद करा. साध्या सेन्सरला पूर्ण फ्रेम वाचायला साधारण १/१५ ते १/५० सेकंद लागतो आणि तेवढ्यात दिवे अनेकदा विझून पेटतात. मग मेकॅनिकल शटर १/६० किंवा त्याहून हळू ठेवा.

स्थानकांतल्या आणि दुकानांतल्या दिव्यांचं गणित विजेच्या वारंवारतेवर चालतं. ५० हर्ट्‌झच्या देशात १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्‌झच्या देशात १/६० किंवा १/१२०. घरी नीट चाललेलं सेटिंग परदेशात पट्टे देतं ते याचमुळे. धावत्या रेल्वेच्या खिडक्या तिरक्या येणं हेही इलेक्ट्रॉनिक शटरचंच काम.

१५. रस्त्यावर क्षण निघून जातो, ऑटोफोकस मागच्या भिंतीवर बसतो. काय करू?

ऑटोफोकस बंद करून अंतर आधीच ठरवून ठेवा. २८ मिमी, एफ/८ आणि फोकस ३ मीटरवर: साधारण १.६ मीटरपासून ३० मीटरपर्यंत सगळं स्वीकारार्ह धारदार येतं. ३५ मिमी, एफ/८ ला फोकस ५ मीटरवर ठेवलं तर अडीच मीटरपासून पुढे जवळपास सगळं. एपीएस-सी वर १८ मिमी, एफ/८ ला फोकस २ मीटरवर, की एक मीटरपासून पुढे. शटर १/२५० ते १/५००, आयएसओ ऑटो.

लेन्सवर अंतराचे आकडे नसतील तर तीन मीटरवरच्या खांबावर फोकस घ्या, मॅन्युअलला टाका आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. कॅमेरा बंद-चालू केल्यावर काही लेन्स ते अंतर विसरतात, एकदा तपासून घ्या. अंधार पडल्यावर ही युक्ती सोडून द्यावी लागते, कारण एफ/२ वर ही खोली उरत नाही. तेव्हा प्रश्न ९.

१६. बॅटऱ्या किती? विमानात कशा न्यायच्या?

मिररलेसला (आत आरसा नसलेला कॅमेरा) दिवसाला दोन ते तीन, आरशाच्या डीएसएलआरला एक किंवा दोन. कंपनी सांगते तो फ्रेमचा आकडा ठराविक पद्धतीच्या चाचणीतला असतो. पडदा सतत चालू ठेवला किंवा व्हिडिओ केला की तो लवकर घसरतो. थंडीत सुट्या बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा. संपलेली वाटणारी बॅटरी ऊब मिळाल्यावर थोडी आणखी चालते.

विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक फक्त हातातल्या सामानात. सामानकक्षात देऊ नका. प्रत्येकी १०० वॉट-तासांपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला विमान कंपनीची मंजुरी लागते. कॅमेऱ्याची बॅटरी २० वॉट-तासांच्या आतबाहेरच असते, म्हणून अडचण पॉवर बँकचीच: २०,००० एमएएच × ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॉट-तास, चालेल. क्षमता छापलेली नसेल किंवा पुसली असेल तर ती काढून घेतली जाऊ शकते. काही कंपन्यांनी उड्डाणात पॉवर बँक वापरायलाही बंदी केली आहे. सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांवर टोपण किंवा चिकटपट्टी हवी. किल्ल्यांबरोबर खिशात टाकलेली बॅटरी शॉर्ट होऊ शकते.

चार्जरवर ‘१००-२४० व्होल्ट’ लिहिलेलं असेल तर दुसऱ्या देशात फक्त पिनांचा अडॅप्टर लागतो, व्होल्टेज कन्व्हर्टर नको.

१७. मेमरी कार्ड एक मोठं की चार छोटी?

मधलं काहीतरी: ६४ जीबीची तीन किंवा चार. २४ मेगापिक्सेलच्या कॉम्प्रेस्ड रॉ फाइलला साधारण ३० एमबी धरले तर एका कार्डात दोन हजार फ्रेम बसतात. फोरके व्हिडिओ १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) केला तर तासाला ४५ जीबी जातात; त्याला व्ही३० दर्जाचं (सेकंदाला किमान ३० एमबी लिहिणारं) कार्ड लागतं. भरलेली कार्डं उलटी करून वेगळ्या डबीत ठेवा, आणि घरी दोन प्रती होईपर्यंत फॉरमॅट करू नका. रात्री लॅपटॉपवर किंवा छोट्या एसएसडीवर प्रत घेतलीत तर ती कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवू नका. बॅग गेली तर दोन्ही जातात.

१८. बॅग कशी हवी?

बाहेरून कॅमेऱ्याची न वाटणारी. कंपनीचं नाव असलेला पट्टाही बदला. पाठीवरची २० लिटरची बॅग चालायला सोयीची, पण गर्दीत तिची चेन तुमच्या नजरेआड असते. रेल्वेत ती पोटाशी घ्या. सहा ते आठ लिटरची तिरकी स्लिंग एक बॉडी आणि दोन लेन्सना पुरते आणि बसताना काढावी लागत नाही. अनेक संग्रहालयांत पाठीवरची मोठी बॅग जमा करायला लावतात, छोटी स्लिंग बहुधा सोडतात.

बॉडी आणि लेन्सचे सीरियल नंबर आणि बिलांचे फोटो फोनवर ठेवा. चोरीची तक्रार, विमा आणि परत येताना सीमाशुल्काची विचारणा, तिन्हीकडे तेच मागतात.

१९. पाऊस आला तर? आणि एसीतून बाहेर आलं की लेन्सवर धुकं का धरतं?

रिमझिम पावसाला सीलबंद बॉडी आणि सीलबंद लेन्स दोन्ही लागतात. एक असून चालत नाही. नाहीतर अंघोळीच्या वेळी डोक्याला घालायची प्लास्टिकची टोपी कॅमेऱ्यावर छान बसते. हूड लावा, समोरच्या काचेवर थेंब कमी पडतात. आणि पाऊस थांबल्यावर लगेच परत फिरू नका, ओला रस्ता रात्रीचे दिवे दुप्पट करतो.

धुकं म्हणजे थंड काचेवर बाहेरच्या दमट हवेतल्या वाफेचं झालेलं पाणी. खोलीतच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि बाहेर आल्यावर २० ते ४० मिनिटं पिशवी उघडू नका. घाई असेल तर निघण्याच्या तासभर आधी बॅग एसी नसलेल्या जागी ठेवा. धुकं असताना लेन्स काढू नका. ते मग सेन्सरवर धरतं.

२०. लेन्स भाड्याने किंवा जुनी घेतोय. निघण्याआधी काय तपासू?

सपाट, विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा ट्रायपॉडवर समांतर लावा आणि सर्वांत मोठ्या अपर्चरला व एफ/८ ला फोटो काढा. एफ/८ लाही एकच कोपरा मऊ असेल तर आतली काच सरकलेली आहे, लेन्स परत करा. मग एफ/१६ ला मोकळ्या आकाशाचा फोटो: दिसणारे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. हवेच्या रबरी फुग्याने उडवा. दाबाच्या डब्यातली हवा मारू नका, त्यातला द्रव सेन्सरवर उडतो. भाड्याची लेन्स दोन दिवस आधी हातात येईल असं पाहा.

२१. मी फिल्मवर फोटो काढतो. विमानतळावरच्या तपासणीत रोल खराब होतो का?

होऊ शकतो. सामानकक्षात रोल कधीच देऊ नका. तिथली क्ष-किरण यंत्रं जास्त तीव्र असतात. हातातल्या सामानाच्या जुन्या यंत्रांत आयएसओ ८०० च्या खालचा रोल एक-दोनदा सहसा निभावतो, पण नव्या सीटी स्कॅनरमध्ये कमी आयएसओच्या रोलवरही धुरकटपणा येऊ शकतो. रोल डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवा आणि हाताने तपासा अशी विनंती करा. कॅमेऱ्यात अर्धवट रोल ठेवून विमानतळावर जाऊ नका, कॅमेरा पट्ट्यावर गेला की तो रोलही गेला. परतीआधी तिथेच डेव्हलप करून घेणं सर्वांत बिनधोक.

२२. ड्रोन नेऊ का?

आधी लेखी परवानगी मिळाली असेल तरच. मोठ्या शहरांवरचा बराचसा भाग विमानतळ, सरकारी इमारती आणि गर्दी यांमुळे निषिद्ध असतो. २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला अनेक देशांत काही नियमांतून सवलत मिळते, निषिद्ध क्षेत्रातून मात्र नाही. काही देश तर तो सीमेवरच जप्त करतात.

२३. मोठा कॅमेरा पाहून सुरक्षारक्षक अडवतात. काही नियम आहे का?

सार्वजनिक रस्त्यावरून स्वतःसाठी फोटो काढायला बऱ्याच देशांत मुभा असते, पण चकचकीत व्यापारी चौक अनेकदा खासगी मालकीचे असतात आणि तिथे मालकाचा नियम चालतो. रक्षकाला बहुधा कॅमेऱ्याची अडचण नसते. ट्रायपॉड, दिवे आणि मोठी पांढरी लेन्स पाहून तो व्यावसायिक चित्रीकरण समजतो. छोटी प्राइम लावलेला तोच कॅमेरा कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

फोटो विकणार असाल तर गोष्ट वेगळी. आयफेल टॉवरची रात्रीची रोषणाई हे नेहमीचं उदाहरण: दिवसाच्या मनोऱ्याला बंधन नाही, पण रात्रीच्या रोषणाईच्या फोटोचा व्यावसायिक वापर करायला परवानगी घ्यावी लागते. स्वतःच्या संग्रहासाठी काढलेल्या फोटोला काही अडचण नाही.

२४. आम्ही दोघं जातोय आणि कॅमेरे एकाच माउंटचे आहेत. सामान वाटून घ्यावं का?

माउंट (लेन्स बसण्याची जोडणी) एकच असेल तर एक वाइड झूम, एक टेलिफोटो, एक ट्रायपॉड आणि एक चार्जर दोघांत पुरेल. प्रत्येकाची प्राइम आणि बॅटऱ्या मात्र वेगळ्या. नाहीतर निळ्या प्रकाशाच्या वीस मिनिटांत दोघांनाही एकच लेन्स हवी असते. बॅटरीचं मॉडेल तपासा; माउंट एक असूनही बॅटऱ्या वेगळ्या असू शकतात. दोन्ही बॉडींची घड्याळं पोचल्याबरोबर स्थानिक वेळेला लावा आणि दोघांनीही फोनवरच्या सेकंदकाट्याचा एकेक फोटो काढून ठेवा. नंतर फोटो एकत्र लावताना दोन घड्याळांतला फरक त्यावरून कळतो आणि संगणकावर एकाच झटक्यात सगळ्या फाइलींची वेळ दुरुस्त करता येते.